राधिका बदलली, की मालिका?

राधिका बदलली की मालिका, असं तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर. कालिदास कलामंदिराच्या आवारात असो की राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीत, पात्राच्या अभ्यासाचा विषय निघाला की नाशिकमध्ये हा प्रश्न येतोच. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या टीव्ही मालिकेतली राधिका सुरुवातीला साधीभोळी गृहिणी, मग ती मसाल्याची कंपनी कशी काय चालवायला लागली? पात्र वाढलं, की लेखकांनी ओढून ताणून वाढवलं? राधिका साकारणारी अनिता दाते नाशिकची, त्यामुळे विचारणाऱ्याच्या सुरात थोडा हक्कही असतो.

राधिका फारशी बदललेली नाही. मालिकेची गरज बदलत गेली. या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या, की विश्लेषणाचं निम्मं काम झालं.

पात्राचा अभ्यास वहीत मांडताना ‘सोशिक’, ‘खमकी’, ‘भोळी’ ही विशेषणं आधी खोडा. विशेषण हा प्रेक्षकाचा निकाल असतो, त्यावरून नटाला करायला काही मिळत नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रसंगासाठी चार रकाने आखा: तिला आत्ता काय हवंय, आडवं कोण येतंय, तिने प्रत्यक्ष केलं काय, आणि बोलायचं काय टाळलं. चौथा रकाना बहुतेकांचा कोराच राहतो, आणि पात्र तर तिथंच सापडतं.

मालिका २०१६ ते २०२१ चालली. सगळे भाग पाहायची गरज नाही. पहिल्या आठवड्याचे भाग, मोठ्या वळणांच्या आधीचे आणि नंतरचे, आणि मधले काही अगदी बिनमहत्त्वाचे, असे वीस भाग निवडा. बिनमहत्त्वाचे मुद्दाम घ्या, कारण काही घडत नसताना पात्र कसं वागतं ते तिथंच दिसतं. जाहिराती वगळता भाग वीस-बावीस मिनिटांचा, म्हणजे एका फेरीला साधारण सात तास. दुसरी फेरी आवाज बंद करून करा. पार्श्वसंगीत काढून घेतलं की कळतं, करुण वाटलेल्या कितीतरी जागी रडवत होती ती बासरी, चेहरा नव्हे. आदल्या भागाची उजळणी आणि शेवटचा धक्का मोजू नका. ते उद्या टीव्ही लावला जावा म्हणून असतात.

आता राधिका. ती नागपूरकडची, बोलीला वऱ्हाडी वळण, आणि संसार मुंबईकडच्या सोसायटीत. काही भाग पडद्याकडे न बघता नुसते ऐका. कोणासमोर बोली मोकळी सुटते, कोणासमोर आवरते, रागात वर येते की मायेत, हे टिपून ठेवा. नाशिकच्या कानाला हे अवघड नाही. सटाणा-मालेगावकडचा माणूस घरी अहिराणी आणि कॉलेज रोडला प्रमाण मराठी बोलतो, तेव्हा सांधा कुठे बदलतो ते आपण रोज ऐकतोच. इथं नवशिक्या नटांची चूक एकच: ‘करून राहिली’, ‘काहून’ असे चार शब्द पेरले की वऱ्हाडी झाली असं समजतात. हेल आला नाही, तर ते शब्द उसने वाटतात.

मसाल्याचं म्हणाल, तर धंद्याला लागणारं बरंचसं तिच्याकडे आधीपासून होतं. घर चालवणं म्हणजे माप, साठवण, उधारी आणि माणसं सांभाळणं. तिचा नवरा गुरुनाथ ज्याला गावंढळपणा म्हणून हिणवत होता, त्याच हिशेबी हातावर तिची कंपनी उभी राहिली. हे लेखनातलं खरं बळ. फसलं ते कामाच्या तपशिलात. उन्हाळ्यात डंकावर मसाला कुटून घेणाऱ्या कुठल्याही नाशिककर बाईला विचारा: मिरचीचे देठ काढा, कडक वाळवा, खडा मसाला वेगवेगळा भाजा, कारण धने आणि दालचिनी एकाच आचेवर भाजत नाहीत. मिरची ओली राहिली की मसाल्याला जाळी धरते, एक घाणा करपला की सगळा माल कडवट. अशा एखाद्या नुकसानीतून राधिका कशी सावरते यावर आठवडा निघाला असता. त्याऐवजी कंपनी मोठी होते ती मुख्यतः संवादांतून आणि कोटींच्या आकड्यांतून, म्हणून प्रेक्षकाला ती उडी वाटते.

दुसरी अडचण मालिकेच्या नावातच आहे. घटस्फोट झाला, राधिकाने पुढे सौमित्रशी लग्नही केलं, पण ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या नावाखाली गुरुनाथ तिच्या गोष्टीतून निघूच शकत नाही. मग त्याला पुन्हा पुन्हा परत आणायचं, आणि राधिका जिंकावी म्हणून दर खेपेला थोडं अधिक मूर्ख करायचं. समोरचा मूर्ख झाला की जिंकणारीचं शहाणपणही स्वस्त होतं. राधिका मधल्या काळात सपाट वाटते ती यामुळे. अशा भागांत ‘तिला काय हवंय’ हा रकाना भरताना हात अडतो. तिथं पेन्सिलीने ‘मालिकेला हवंय’ असं लिहा आणि पुढे सरका. ओढूनताणून मानसिक कारण शोधू नका. रोजच्या मालिकेत कथा, पटकथा, संवाद बऱ्याचदा वेगवेगळ्या हातांत असतात, प्रक्षेपणाची घाई असते, त्यामुळे प्रत्येक विसंगतीत अर्थ नसतो.

लेखन कुठलं आणि अभिनय कुठला, हे ओळखायला राधिकापेक्षा गुरुनाथची प्रेयसी शनाया सोपी. ती आधी रसिका सुनीलने केली, मग ईशा केसकरने, मग पुन्हा रसिका सुनीलने. दोघींचे तीन-तीन भाग शेजारी ठेवून तेच चार रकाने भरा. जे दोन्हीकडे सारखं उतरेल ते बहुतेक कागदावरचं, वेगळं उतरेल ते नटीचं. राधिकाच्या बाबतीत ही सोय नाही, म्हणून वहीची सुरुवात शनायापासून केलेली बरी.