एका वेळी एकच बोट
आज पियानोवर दीड तास फक्त तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे तीन गट. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. जॅझमध्ये ही साखळी पावलोपावली भेटते. सरांनी सांगितलं होतं, डाव्या हाताने अख्खा कॉर्ड धरू नकोस, फक्त तिसरा आणि सातवा स्वर घे. म्हणजे पहिल्या कॉर्डचे एफ आणि सी. पुढच्या कॉर्डला एफ जागचा हलत नाही, सी तेवढा अर्धा स्वर खाली बीवर येतो. मग बी थांबतो आणि एफ ईवर उतरतो. एकच बोट सरकतं आणि सगळा रंग पालटतो! कितीतरी वेळ नुसती तेवढंच ऐकत बसले.

मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. लहानपणापासून सम धरायची सवय (तबल्याच्या घरात वाढलेय), त्यामुळे कान सारखा पहिल्या मात्रेकडे धावतो. आज पहिल्यांदाच बारा आवर्तनं न सुटता गेली.

उजव्या हाताला डी, ई, जी एवढेच स्वर दिले होते, आणि हवं तिथे गप्प राहायची मुभा. अशाच एका गप्प जागेनंतर एक ओळ आली. ईवरून जीवर, थोडं थांबून डीवर. कुठे लिहिलेली नव्हती. डोळ्यांत पाणीच आलं.

उद्या हेच एफच्या पट्टीत.