आमची वाटचाल : टेस्टरकडून टेस्ट प्रोग्रामकडे

आमची कंपनी उभी राहिली ती सैन्याच्या मधल्या वर्कशॉपांच्या जोरावर. विमानातला बिघडलेला इलेक्ट्रॉनिक बॉक्स धावपट्टीजवळच बदलायचा, तळावरच्या वर्कशॉपमध्ये तो उघडून त्यातलं खराब सर्किट कार्ड शोधायचं आणि कार्ड डेपोत, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती दुरुस्ती केंद्रात, दुरुस्त करायचं, असे तीन टप्पे होते. मधल्या टप्प्यासाठी तळागणिक ऑटोमॅटिक टेस्टर लागायचे. ते आम्ही बनवायचो.

१९९० च्या दशकात अमेरिकी हवाई दलाने बऱ्याच यंत्रणांसाठी हा मधला टप्पाच काढून टाकला. एफ-३५ या लढाऊ विमानाची तर आखणीच दोन टप्प्यांची. बॉक्स थेट डेपोत किंवा मूळ उत्पादकाकडे जाऊ लागला आणि टेस्टरची मागणी मोजक्या ठिकाणांवर आली. त्यातच अमेरिकी नौदलाने वेगवेगळ्या टेस्टरांच्या जागी ‘कॅस’ ही एकच सामायिक प्रणाली आणली. छोट्या उत्पादकाच्या स्वतःच्या टेस्टरला जागा उरेना.

मग आम्ही जुने टेस्ट प्रोग्राम, म्हणजे कार्ड कसं तपासायचं ते टेस्टरला सांगणाऱ्या आज्ञावल्या, नव्या टेस्टरवर नेण्याचं काम घेतलं. ते नुसतं भाषांतर नसतं. जुना टेस्टर संथ असतो, तो मोजेपर्यंत रिले, म्हणजे सर्किट जोडणारा-तोडणारा स्विच, स्थिरावलेला असतो. नवा टेस्टर त्याआधीच मोजतो आणि चांगलं कार्ड नापास करतो. प्रोग्राममध्ये कुठेही न लिहिलेला हा वेळ शोधून काढणं हीच आमची खरी कारागिरी, आणि तिचा मला अभिमान आहे.

दुसरं काम ‘दोष सापडला नाही’ अशा शेऱ्याच्या बॉक्सचं. विमानातली बिल्ट-इन टेस्ट, म्हणजे यंत्रणेची स्वतःची तपासणी, बॉक्स नापास करते, डेपोत तोच बॉक्स पास होतो. उड्डाणातली थंडी आणि कंपनं डेपोतल्या तपासणीच्या बेंचवर नसतात, सैल जोड तिथे गप्प बसतो. पूर्वी बॉक्स काढणाऱ्या तंत्रज्ञाला शेजारी जाऊन विचारता यायचं. आता दुरून सोबत फक्त चिठ्ठी येते. म्हणून आम्ही बॉक्स हलवत, थंड-गरम करत त्याच्या सगळ्या पिनांवर एकाच वेळी नजर ठेवणारी टेस्ट बसवली.

मोजणीची उपकरणं आम्ही आता बनवत नाही, बाजारातली पीएक्सआय या सामायिक मानकाची मोजणी कार्डं घेतो. करार करताना मात्र एक गोष्ट सोडत नाही : तपासायच्या कार्डाचे सर्किट नकाशे आणि आधीच्या बिघाडांच्या नोंदी हातात आल्याशिवाय कामाची तारीख देत नाही.