आधी डिझेल, मग बर्फ, मग माणसं : आंजर्ल्याचे आठ दिवस

आमच्या गाडीत दोन वह्या असतात. एकीत रस्ते, मुक्काम, कुठे गोडं पाणी मिळालं, कुठल्या गल्लीत गाडी वळत नाही, हे सगळं. दुसरी खर्चाची. एप्रिल २०२२ मध्ये कोकणातून परतलो तेव्हा पहिली वही जवळजवळ कोरी होती आणि दुसरी भरली होती. म्हणून हे लिहिते आहे.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. मागे दोन बर्थ, शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी आणि एक अरुंद कपाट. निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी ती घेतली आणि घरासारखी करून घेतली. सपाटीला लिटरमागे नऊएक किलोमीटर देते, घाटात सहावर येते. हॉटेलात उतरणाऱ्यांचे पैसे खोलीत जातात, आमचे टाकीत. डिझेलचा भाव हेच आमचं खोलीभाडं.

नोव्हेंबर २०२१ मधल्या कपातीनंतर साडेचार महिने पंपावरचे आकडे हलले नव्हते. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, कच्चं तेल भडकलं, तरी नाही. पाच राज्यांच्या निवडणुका आटोपल्या आणि २२ मार्चपासून सुरू झालं. आज ८० पैसे, उद्या पुन्हा ८० पैसे. ६ एप्रिलपर्यंतच्या १६ दिवसांत १४ वेळा भाव वाढला, एकूण १० रुपयांनी. मुंबईत पेट्रोल १२०.५१ झालं आणि डिझेल १०४.७७. आमच्याकडे पुण्यात डिझेल १०३ च्या आसपास होतं.

बेत होता श्रीवर्धनपासून कोकणाच्या दक्षिण टोकाच्या रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आणि आंबोली घाटाने वर यायचं. १,२०० किलोमीटर, चढ-वळणं धरून १५० लिटर. लिटरमागे १० रुपये म्हणजे १,५०० रुपये जास्त. एवढ्याने सहल मोडत नाही, हे मी वहीतच लिहून ठेवलं होतं. पण त्याच पानावर खाली बाकीच्या वाढी होत्या. सूर्यफुलाचं तेल. घरचा सिलिंडर, २२ मार्चलाच ५० रुपयांनी वाढलेला. खानावळीचा मोठा सिलिंडर, १ एप्रिलला एका दमात २५० रुपयांनी वाढला, म्हणजे वाटेतली थाळीही वाढणार. आणि आमची पेन्शन तेवढीच.

तरी ११ एप्रिलला निघालो. ताम्हिणी उतरून माणगावला चहा घेतला, श्रीवर्धन-हरिहरेश्वर एका दिवसात केलं आणि दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला फेरीबोटीवर गाडी चढवली. पलीकडे वेसवी. ही बोट नसती तर सावित्री नदी ओलांडायला खूप आत पुलापर्यंत जाऊन फिरून यावं लागतं, आणि आमच्यासारख्या जड गाडीला तो वळसा महागात पडतो. बाणकोट, वेळास, केळशी पाहत संध्याकाळी दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला पोचलो. कड्यावरच्या गणपतीच्या पायथ्याशी गाडी लावून नवरा म्हणाला, "रेडीपर्यंत जायलाच हवं का? इथेच राहू." मी डिझेलचा काटा बघितला, मग समुद्र बघितला, आणि हो म्हटलं.

एका वहिनींच्या वाडीत, नारळी-पोफळींच्या सावलीत, गाडीला जागा मिळाली. प्लग, विहिरीचं पाणी आणि दोन वेळचं जेवण. आठ दिवस चाकं हलली नाहीत. दोन वर्षांत आम्ही गाडीने पुष्कळ फिरलो, पण एका अंगणात इतके दिवस बसून माणसं कशी जगतात ते पाहिलं नव्हतं.

वहिनींच्या स्वयंपाकघरात ओट्यावर गॅस होता आणि मागच्या पडवीत चूल. मला वाटलं, चूल पाहुण्यांना चव म्हणून असेल. तिसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाल्या, "कसली चव हो ताई! गॅस सकाळच्या चहाला आणि तुमच्या पोळ्यांना. भात चुलीवर, आमटी वायलावर." वायल म्हणजे चुलीला लागूनच असलेली, तिच्याच जाळावर तापणारी जोडचूल. मुंबईत तेव्हा सिलिंडर ९४९.५० रुपयांना होता. वहिनींना वाडीत पोचता होईपर्यंत तो त्याहून महाग पडत होता. आधी महिनाभर पुरायचा तो आता त्या दोन महिने पुरवत होत्या. झावळ्या, त्यांचे जाड देठ म्हणजे पिड्या, नारळाच्या करवंट्या घरच्याच. पण त्या गोळा करायच्या, वाळवायच्या, पावसाआधी माळ्यावर चढवायच्या, आणि हे सगळं त्यांच्याच अंगावर. गॅस वाचतो तो वहीत दिसतो, हे श्रम कुठल्याच वहीत येत नाहीत. धुराने त्यांचे डोळे सकाळी लाल असायचे. पोळ्यांचा गॅस आमच्यासाठी जळतो हे कळल्यावर आम्ही दुपारीही भातच मागायला लागलो. त्या ऐकेनात, मग आमची शेगडी पडवीत नेली आणि पोळ्या मी केल्या.

त्यांची मुलगी दापोलीला कॉलेजात. एसटीच्या पासावर जायची. नोव्हेंबरपासून एसटीचा संप, आम्ही होतो तेव्हाही गाड्या तुरळकच धावत होत्या. शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचं, तिचं भाडं पेट्रोलबरोबर वाढलेलं, आणि परतीला मिळेलच असं नाही. शेवटी आठवड्यातून तीनच दिवस जायचं असं तिने ठरवलं. कोणते तीन, तर ज्या दिवशी प्रात्यक्षिकं असतात ते. हे सांगताना तिच्या आवाजात तक्रार नव्हती, मला मात्र ऐकवेना. भाऊ मोटारसायकलवर सोडायचा कधीकधी. गावात कोणीच लिटर सांगत नव्हतं. "पन्नासचं टाक," एवढंच. पन्नास रुपयांत अर्धा लिटरही येत नव्हतं.

हापूस त्या वर्षी उशिरा आणि कमी. वाशीला पेटी पाठवायचं ट्रकभाडं वाढलेलं, म्हणून वहिनींच्या दिरांनी अर्ध्या पेट्या दारातच विकल्या, आम्हीही एक घेतली.

खाडीवरच्या पुलाने हर्णै बंदर जवळ. संध्याकाळच्या लिलावाला आम्ही रिक्षाने गेलो. समोर सुवर्णदुर्ग किल्ला, बोटी खोल पाण्यात नांगरलेल्या, छोट्या होड्यांतून मासळी किनाऱ्यावर येते आणि ओल्या वाळूवर ढीग मांडून बोली लागते. बोली संपल्यावर एक तांडेल, म्हणजे बोटीवरचे प्रमुख, जाळं झटकत बसले होते, त्यांच्याशी बोलत राहिलो. तासभर तरी.

फेरीचा हिशोब त्यांनी बोटांवर मांडला. तीन-चार दिवसांच्या फेरीला त्यांच्या बोटीला ५०० लिटर डिझेल लागतं. मासळी विकून जे पैसे येतात त्यातून "आदी डिझेल, मंग बरफ, मंग राशन" वजा होतं. उरलेल्याचे वाटे पडतात. बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि मग तांडेल आणि खलाशी. म्हणजे लिटरमागे १० रुपये वाढले की प्रत्येक फेरीला ५,००० रुपये माणसांच्या वाट्यातून आधीच गेलेले असतात, मासळी मिळो न मिळो. माझ्या पूर्ण सहलीचे १,५०० रुपये आणि त्यांच्या एका फेरीचे ५,०००. ते आकडे मी तिथेच, वाळूवर बसून, शेजारी-शेजारी लिहिले.

त्यातही मार्चमध्ये घाऊक ग्राहकांचं डिझेल तेल कंपन्यांनी लिटरमागे २५ रुपयांनी वाढवलं होतं. मुंबईत पंपावर ९४.१४ आणि घाऊक १२२.०५. मच्छीमार सोसायट्या तेव्हा घाऊकमध्ये मोडत होत्या. म्हणून ज्यांच्यासाठी सोसायटी काढली ते नाखवे, म्हणजे बोटींचे मालक, सोसायटी सोडून रस्त्यावरच्या पंपावर ड्रम घेऊन रांगेत. मूल्यवर्धित कराचा परतावा मिळायचा, पण सोसायटीच्या डिझेलवर आणि मागाहून. "परतावा येल तवा येल. डिझेल आज भरावा लागतो," तांडेल म्हणाले. आधी ते लांब जायचे, आता मासळी कुठे आहे याची खात्री नसेल तर किनाऱ्याजवळच जाळं ओढतात. जवळ मासळी कमी आणि बारीक. हे त्यांना माहीत होतं. मला त्या दिवशी कळलं.

आम्हाला डिझेल परवडेना तेव्हा आम्ही गाडी उभी केली. त्यांनी बोट उभी केली तर बोटीवर जाणाऱ्यांच्या सात घरांची चूल थांबते.

परतीचा रस्ता आल्या वाटेनेच. सगळे मिळून ४८० किलोमीटर, ६० लिटर, ६,१८० रुपये. निघताना वहिनींनी करवंट्यांचं पोतं बाजूला सारून आम्हाला गाडी काढायला जागा केली.

२१ मेच्या संध्याकाळी बातमी आली. केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी कमी केलं. दुसऱ्या दिवशी मुंबईत डिझेल ९७.२८. घरचा सिलिंडर मात्र त्याच महिन्यात हजारावर गेला होता. मी हर्णैला फोन लावला.

"आयकली बातमी," तांडेल म्हणाले. मागे लाटांचा आवाज येत होता. १ जूनपासून पावसाळ्यासाठी मासेमारी बंद होणार होती, ती जुलैअखेरपर्यंत. "आता दोन फेऱ्या होतील ताई, लय तर तीन. मंग बोट वर ओढायची नि शाकारायची."

वहिनींनाही फोन केला. त्या माळ्यावर झावळ्या चढवत होत्या, लेकीने उचलला. एसटी सुरू झाली होती. ती सकाळच्या गाडीने रोज जात होती, पास नव्याने काढला होता.