ढग गेला तरी चार्जिंग सुरू होईना

सोलर पॅनेलच्या पाठीवरची पट्टी मी आधी वाचलीच नव्हती. २० वॉटचं, ‘१२ व्होल्टचं’ पॅनेल एवढंच माहीत होतं. उन्हात ठेवून मल्टिमीटर लावला तर २१ व्होल्ट. मग पट्टी वाचली: ओपन सर्किटला (काहीच जोडलेलं नसताना) २१.६ व्होल्ट, कमाल पॉवरला १८ व्होल्ट आणि १.११ अँपिअर. १२ हा आकडा पट्टीवर कुठेच नाही. तो असतो बॅटरीचा. १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज व्हायला १४ च्या वर व्होल्टेज लागतं, शिवाय वायरीत आणि उन्हाच्या तापाने थोडं गळतं, म्हणून पॅनेलमध्ये ३६ सेल एकापुढे एक जोडलेले असतात. एकेका सेलचे साधारण ०.६ व्होल्ट धरले की २१.६ चा हिशोब लागतो.

मला चार्ज करायची होती पॉवर बँक. तिला हवेत ५ व्होल्ट. इकडे १८, तिकडे ५, मधे काहीतरी बसवायचं, इतकं सोपं वाटलं होतं.

हाताशी ७८०५ होता, तीन पायांचा जुना रेग्युलेटर. जोडला, बाहेर अगदी नेमके ५ व्होल्ट. पॉवर बँकेचा दिवा लागला आणि मी खुशीत आले. मिनिटभरात दिवा गेला. रेग्युलेटरला बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. तो जळाला नव्हता, तापल्यामुळे स्वतःच बंद झाला होता. ही चूक कागदावर दोन ओळींत कळली असती. ७८०५ व्होल्टेज ‘बदलत’ नाही, जास्तीचं उष्णता करून टाकतो. १ अँपिअर जात असेल तर पॉवर बँकेला ५ वॉट मिळतात आणि १३ वॉट त्या नखाएवढ्या तुकड्यात जिरतात. मोठा हीटसिंक लावून तो थंड ठेवता आला असता, पण तेरा वॉट वाया जायचे ते गेलेच असते.

म्हणून बक कन्व्हर्टर घेतला, एलएम २५९६ चं छोटं निळं मॉड्यूल. तो वीज सेकंदाला दीड लाख वेळा चालू-बंद करून कॉइलमधून सोडतो, त्यामुळे व्होल्टेज कमी होतं तसा करंट वाढतो. पॅनेलकडून ०.७ अँपिअर घेऊन पलीकडे २ अँपिअर देता येतात. ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज पलीकडे पोचते.

कोणी हे मॉड्यूल पहिल्यांदाच वापरणार असेल तर एक सांगते: पॉवर बँक जोडण्याआधी व्होल्टेज सेट करा. मॉड्यूलवर निळ्या चौकोनी ठोकळ्यात पितळेचा बारीक स्क्रू असतो. मी तो फिरवायला लागले. पाच फेरे, आठ फेरे, मीटरवर काहीच हलेना, आकडा १७ च्या वरच. मॉड्यूल बिघडलेलं आलं असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. बाराव्या-तेराव्या फेऱ्याला आकडा एकदम घसरू लागला. तेव्हा पॉवर बँक जोडलेली असती तर तोपर्यंत तिच्या पोटात १७ व्होल्ट गेले असते. मी ५.२ वर थांबले. नेमके ५ ठेवले तर बारीक केबलमध्येच ०.३-०.४ व्होल्ट पडतात आणि पॉवर बँक कुरकुरते.

निरभ्र आकाशात सगळं छान चाललं. पॅनेल १८ च्या जवळ, बाहेर ५.२, पॉवर बँक २ अँपिअर ओढतेय. मी निर्धास्त होऊन आत गेले.

संध्याकाळी पाहते तर पॉवर बँक अर्धीसुद्धा भरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारी बसून राहिले. साडेदहाच्या सुमारास एक ढग आला, दोन मिनिटांत गेला. ऊन पुन्हा कडक. पण केबलवरच्या छोट्या मीटरवर ४.४ व्होल्ट आणि जेमतेम १.१ अँपिअर. पाच मिनिटं झाली, दहा झाली, आकडा तोच. केबल उपटून परत लावली की लगेच ५.२ आणि २ अँपिअर. पुढच्या ढगाला पुन्हा तेच.

तोवर मी फक्त बाहेरची बाजू मोजत होते. आता मल्टिमीटर पॅनेलच्या टोकांना लावला. भर उन्हात, एकाही सेलवर सावली नसताना, पॅनेलवर ६ व्होल्टसुद्धा पुरे नव्हते!

इथे मला थोडा वेळ लागला, म्हणून सविस्तर लिहिते. बक कन्व्हर्टरला पलीकडे १० वॉट द्यायचे असतात, म्हणजे पॅनेलकडून साधारण साडेबारा वॉट घ्यायचे. पॅनेल १८ व्होल्टवर असेल तर त्याला ०.७ अँपिअर पुरतो. ढग आला की पॅनेलला तेवढं देववत नाही, व्होल्टेज खाली येतं. कन्व्हर्टरला ढगाचं काय माहीत? त्याला फक्त बाहेरचे ५.२ राखायचे आहेत. आत व्होल्टेज कमी झालं म्हणून तो जास्त करंट ओढतो, त्याने व्होल्टेज आणखी पडतं, तो आणखी ओढतो. विहिरीतलं पाणी खाली गेलं म्हणून पंपाने आणखी जोरात उपसावं, तशातला प्रकार. शेवटी कन्व्हर्टरचा आतला स्विच सतत चालूच राहतो आणि तो नुसत्या वायरीसारखा वागतो.

मग ऊन परत आलं तरी सुटका का नाही? कारण पॅनेल कितीही ऊन असलं तरी सव्वा अँपिअरच्या वर देत नाही. पॉवर बँक मागतेय २ अँपिअर. ६ व्होल्टला १.१ अँपिअर म्हणजे साडेसहा वॉट. त्यात वर चढायला बळच नाही. केबल काढली की मागणी शून्य होते, पॅनेल २० च्या वर जातं आणि गाडी वरून सुरू होते. म्हणजे मी जपत होते ५ व्होल्ट, आणि जपायला हवे होते पॅनेलचे १८.

तयार एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलकडून कमाल पॉवर काढणारे) हेच करतात, पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजपाशी धरून ठेवतात. सुटा लिथियम सेल चार्ज करायचा असता तर सीएन ३७९१ या चार्जर चिपचं मॉड्यूल लावून मी मोकळी झाले असते. पण पॉवर बँकेच्या आत तिचा स्वतःचा चार्जर असतो, तिला सरळ ५ व्होल्टच हवेत. म्हणून ठरवलं, केबल उपटण्याचं काम सर्किटकडे द्यायचं.

एलएम २५९६ चा पाचवा पाय त्यासाठीच असतो: तो ग्राउंडला (वजा टोकाला) असेल तर चिप चालू, वर ओढला तर बंद. माझ्या मॉड्यूलवर तो तिसऱ्या पायासह ग्राउंडलाच डाखलेला होता. सोल्डरिंग आयर्नचं टोक त्या पायाला टेकवून, दुसऱ्या हाताने सुईने तो वर उचलायचा. सोल्डर चकाकून वितळतं तेव्हा हाती असतं एखाद सेकंद. पहिल्यांदा शेजारचा पायही सुटला, दुसऱ्यांदा जमलं. त्या पायाला एलएम ३९३ कम्पॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप, जोडला; तुलनेच्या संदर्भाला टीएल ४३१ या चिपचे स्थिर २.५ व्होल्ट. पॅनेल १६.५ च्या खाली गेलं की बंद, १७.५ च्या वर गेलं की चालू.

ढग आला आणि दिवा वेड्यासारखा लुकलुकायला लागला. यातलं कारण मला सगळ्यात आवडलं. ढगाखाली पॅनेलचा करंट पडतो, पण भार काढला की व्होल्टेज जवळजवळ पूर्ण वर येतं, १९-२० सहज. म्हणजे मोकळ्या पॅनेलचं व्होल्टेज पाहून ऊन किती आहे ते कळतच नाही. कम्पॅरेटरला वाटे ऊन आलं, चालू करी, पॅनेल कोसळे, बंद करी. उपाय साधा: बंद लगेच, पण चालू सावकाश. २२० किलोओहमचा रेझिस्टर आणि १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला, वीसेक सेकंदांचा उशीर मिळाला.

तरी भर दुपारी, आकाशात ढगाचं चिन्ह नसताना, ते बंद पडायचं. पट्टीवरचे आकडे २५ अंश तापमानाचे असतात, आणि उन्हात पॅनेल सहज ५५-६० पर्यंत तापतं. दर अंशाला व्होल्टेज सुमारे ०.३ टक्के कमी होतं. १८ चे १६ होतात. माझी १६.५ ची रेघ पॅनेल अगदी नीट काम करत असतानाच त्याला कापत होती. ती १४ वर आणली, चालू होण्याची १७.५ च राहू दिली. तापलेलं मोकळं पॅनेलसुद्धा १९ च्या वर असतं, त्यामुळे तिकडे अडत नाही.

पॉवर बँक मी आता पॅनेलच्या मागे सावलीत ठेवते. ४५ अंशांच्या वर लिथियम चार्ज करू नये, आणि उन्हात काळी डबी तिथवर पोचायला वेळ लागत नाही. ढगाळ दिवशी चार्जिंग अजूनही तुकड्यातुकड्याने होतं, त्याला इलाज नाही. दिवा विझतो, मी मनात वीसपर्यंत मोजते, बहुतेक वेळा अठरा-एकोणीसलाच तो परत लागतो.