५५ सीसीला स्टार्टर: बॅटरीतले व्होल्ट वाटेत कुठे जातात

वॉरबर्डचं, म्हणजे जुन्या लढाऊ विमानाच्या रेडिओवर चालणाऱ्या मॉडेलचं, काम आता इंजिनापर्यंत आलंय. फायरवॉल (इंजिन बसतं ती पुढची फळी), टाकी, थ्रॉटल हलवणारी छोटी सर्व्हो मोटर हे मागच्या टप्प्यात उरकलं होतं. हा सगळा टप्पा स्टार्टरवर, म्हणजे इंजिन सुरू करायला हातात धरायच्या मोटरीवर गेला, आणि विषयच तेवढा खोल आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

इंजिन डीएलई-५५. बोअर ४५ मिमी, स्ट्रोक ३५ मिमी, सीडीआय (बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक) इग्निशन. दोन पात्यांचा २२ इंची प्रॉप (पुढचा पंखा) लावला तर हे इंजिन जाड हातमोजा घालून हाताने छान सुरू होतं. सीडीआय कमी वेगालाही चांगली ठिणगी देतो आणि त्या वेगाला ती उशिरा देतो, त्यामुळे उलटा झटका सहसा बसत नाही. पण या मॉडेलवर तीन पात्यांचा प्रॉप आहे. दोन पात्यांत अंतर फक्त १२० अंश. एक पातं खाली मारून हात बाहेर काढेपर्यंत पुढचं येऊन पोचतं. मला हे पटत नाही, आणि आमच्या माळावर उडवणाऱ्या कोणालाही मी हे करू देणार नाही. म्हणून स्टार्टर.

हाताशी होता तो १२ व्होल्टचा, गिअर नसलेला मोठा स्टार्टर. १.२० फोर-स्ट्रोक, म्हणजे १.२० घन इंच, साधारण २० सीसी, तो कुरकुर न करता फिरवतो. ५५ सीसीवर मात्र कॉम्प्रेशन आलं की जागच्या जागी थांबायचा. यात आश्चर्य काही नाही. कॉम्प्रेशन पार करायचा टॉर्क (फिरवायचा जोर) म्हणजे सिलिंडरमधला दाब, पिस्टनचं क्षेत्रफळ आणि क्रँकची लांबी यांचा खेळ. दाब तोच धरला तर टॉर्क इंजिनाच्या क्षमतेच्या प्रमाणात वाढतो. माझ्या ढोबळ हिशोबाने २० सीसीला दोन न्यूटन-मीटर लागत असतील तर ५५ सीसीला पाच-सहा लागतात.

मी मोठा स्टार्टर मागवायच्या तयारीत होतो. आमच्या गटातले ज्येष्ठ काका, ज्यांचा जन्म मोटर रिवाइंडिंगमध्ये गेला, म्हणाले, "अरे, मोटर अडकलेली असताना तिच्या टोकांवर व्होल्ट किती येतात ते आधी मोज. मग पैसे घाल." या सगळ्या नोंदीचं सार त्या एका वाक्यात आहे.

मोजायला दोन मल्टिमीटर घेतले, कमीत कमी आकडा धरून ठेवणारे, आणि एक क्लॅम्प मीटर. क्लॅम्प घेताना तो डीसी करंट मोजतो का ते नक्की बघा. बाजारातले बरेचसे स्वस्त क्लॅम्प फक्त एसी मोजतात, आणि ते इथे काहीच कामाचे नाहीत. एक मल्टिमीटर बॅटरीच्या टोकांवर, दुसरा स्टार्टरच्या टोकांवर. बॅटरी नेहमीची, यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर, साठवणीचं माप) सीलबंद. काही भार नसताना १२.८ व्होल्ट. स्टार्टर कॉम्प्रेशनवर अडकला त्या क्षणी करंट शंभराच्या जवळ, बॅटरीच्या टोकांवर १०.३ व्होल्ट, आणि स्टार्टरच्या टोकांवर ७ च्याही आत.

१२ व्होल्टचा म्हणून आपण ज्याला नावं ठेवत होतो त्या स्टार्टरला प्रत्यक्षात सात व्होल्टसुद्धा मिळत नव्हते. अडीच व्होल्ट बॅटरीच्या आतल्या रोधात गेले. साडेतीनच्या आसपास वायर, मगरचिमटे आणि बटण यांनी खाल्ले. मोटरीचा स्वतःचा रोध या आकड्यांवरून ७० मिलीओहम निघतो. म्हणजे बाहेरचा रोध जवळजवळ मोटरीएवढाच होता.

कायमच्या चुंबकाच्या मोटरीत टॉर्क हा करंटच्या प्रमाणात असतो, आणि अडकलेल्या मोटरीचा करंट ठरतो तो फक्त बॅटरीच्या व्होल्टेजवर आणि एकूण रोधावर. मोटर फिरत नाही तोवर ती उलट व्होल्टेज तयार करत नाही. ती म्हणजे निव्वळ तांब्याचा एक तुकडा. २० सीसीवर हा तोटा दिसत नाही, कारण तिथे स्टार्टर अडकतच नाही, फिरत राहतो आणि करंट कमी राहतो. इंजिन मोठं झालं की प्रत्येक मिलीओहम समोर येऊन उभा राहतो.

सुरुवात वायरपासून. जुनी वायर २.५ स्क्वेअर एमएमची, घरात पॉवर पॉइंटला घालतात ती, दीड मीटर लांब. तांब्याच्या या वायरचा रोध मीटरला साधारण ८ मिलीओहम. जाऊन-येऊन तीन मीटर, म्हणजे २४ मिलीओहम नुसत्या वायरीत. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ६ स्क्वेअर एमएमची सिलिकॉन वायर आणली आणि लांबी एका मीटरवर आणली. आता जाऊन-येऊन ६ ते ७ मिलीओहम. ज्यांना सिलिकॉन वायर मिळत नाही त्यांनी वेल्डिंग केबल वापरावी. १६ स्क्वेअर एमएमची केबल जरा जड होते, पण लवचिक असते आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. फक्त ती तांब्याची आहे, ॲल्युमिनिअमची नाही, हे टोक खरवडून बघा. मगरचिमटे कायमचे हद्दपार केले. वायरच्या टोकांचे लग चांगल्या हातयंत्राने दाबून (क्रिम्प करून) बसवले, आणि बॅटरीकडे एक्सटी-९० जोड.

बटणाचं काम जास्त महत्त्वाचं. स्टार्टरच्या मुठीतलं छोटं बटण शंभर-दीडशे अँपिअर डीसी तोडण्यासाठी नसतंच. संपर्काच्या जागी ठिणगी पडते, पृष्ठभाग काळा होतो, रोध वाढतो, आणि एक दिवस ते चिकटतं. त्याऐवजी मोटरसायकलच्या सेल्फचा रिले बसवला, कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळणारा. मुठीतलं बटण आता फक्त रिलेची कॉइल चालवतं, आणि कॉइलच्या दोन टोकांत एक डायोड उलटा टाकलाय, म्हणजे कॉइल बंद होताना उठणारा झटका बटणावर येत नाही. रिलेही कधीतरी चिकटू शकतो. म्हणून बॅटरीचा जोड डाव्या हाताला सहज ओढता येईल अशाच जागी ठेवायचा. यात तडजोड करू नका, चिकटलेला स्टार्टर समोर फिरत असताना जोड शोधत बसणं शक्य नसतं.

मग बॅटरी. इथे बरेच जण एएच बघून खरेदी करतात. तीन सेकंदांचा एक प्रयत्न आणि सरासरी १०० अँपिअर धरले तर खर्च होतात ३०० अँपिअर-सेकंद, म्हणजे जेमतेम ८३ एमएएच. साठवण हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे आतल्या रोधाचा आणि पॅक किती करंट देऊ शकतो याचा. म्हणून ५००० एमएएचचा लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक घेतला. पाकिटावरचा ३० सी (एएचच्या तीस पट अँपिअर) हा आकडा मी अर्धाच धरतो, तरी थोड्या सेकंदांसाठी भागतं. तीन सेलचा पॅक, तीच मोटर, आणि नवीन वायर-रिले: अडकलेल्या अवस्थेत १३५ अँपिअर. व्होल्टेज जवळपास तेच आणि टॉर्क एक तृतीयांशाहून जास्त वाढला, केवळ रोध काढून टाकल्यामुळे. चार सेल लावल्यावर आकडा १८० च्या जवळ गेला, म्हणजे सुरुवातीच्या १.८ पट. ५५ सीसी यावर कॉम्प्रेशनमधून सरळ पार होतं.

लिथियम आयर्न फॉस्फेटचाही विचार केला होता. जास्त सुरक्षित, चार सेलला १२.८ व्होल्ट, गाडीतही निर्धास्त ठेवता येतो. पण बाजारातल्या तयार पॅकमध्ये जो बीएमएस (सेलचं रक्षण करणारं सर्किट) असतो तो एवढा करंट दिसला की तत्काळ पुरवठा तोडतो. सुट्या सेलपासून स्वतः पॅक बांधणार असाल तर हा माझ्या मते सर्वांत चांगला पर्याय आहे.

सहा सेलला मात्र मी ठाम नकार देतो. हिशोबाने करंट अडीचशेच्या वर जातो. फेराइट चुंबकाच्या मोटरीला एवढा करंट दिला तर आर्मेचरचं (फिरणाऱ्या गुंडाळीचं) चुंबकीय क्षेत्र त्या चुंबकांनाच कायमचं कमकुवत करू शकतं, आणि मग टॉर्क परत मिळत नाही. रिकामी फिरताना वेगही दुप्पट होतो, जो आर्मेचरच्या गुंडाळ्यांसाठी बरा नाही. चार सेललाही अडकलेल्या मोटरीत दोन हजार वॉटच्या वर उष्णता तयार होते, बाथरूममधल्या गिझरएवढी, आणि तीही मुठीत मावणाऱ्या मोटरीत. म्हणून तीन-चार सेकंदांच्या वर बटण दाबायचं नाही आणि मध्ये मोटर गार होऊ द्यायची. चार्ल्स केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅकसाठी इलेक्ट्रिक स्टार्टर बनवला तो याच आधारावर: मोटर काही सेकंदच चालणार असेल तर तिच्याकडून नेहमीच्या क्षमतेच्या कितीतरी पट काम घेता येतं. त्याआधी कॅश रजिस्टरसाठी छोटी मोटर बनवताना त्याला हे उमगलं होतं. आपण माळावर रोज हेच करतो.

बॅटरीजवळ १२५ अँपिअरचा मिडी फ्यूजही टाकलाय, गाड्यांमध्ये असतो तो. दीडपट करंट तो काही सेकंद झेलतो, पण लायपो शॉर्ट झाला तर वाचवतो.

टॉर्क वाढला तशी पुढची अडचण समोर आली: स्टार्टरचा रबर कप स्पिनरवर (प्रॉपच्या मधल्या टोकदार टोपीवर) घसरतो. नाकाच्या टोकाशी संपर्काची त्रिज्या फार लहान असते, तिथे कितीही रेटलं तरी पाच-सहा न्यूटन-मीटर पोचत नाहीत, आणि जास्त रेटणं क्रँकच्या बेअरिंगलाही नको. त्यामुळे स्पिनरला रुंद भागात पकडणारा मोठा कप लेथवर करून घेतोय, आत सिलिकॉनचं अस्तर. स्पिनर ॲल्युमिनिअमचाच हवा. प्लॅस्टिकचा घर्षणाने वितळतो.

काही जण १८ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल वापरतात. गिअर असल्याने टॉर्क भरपूर मिळतो, ही जमेची बाजू. पण इंजिन समोरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, म्हणून ड्रिल रिव्हर्सला लावावं लागतं, आणि त्या दिशेला चक सैल होऊन निघू शकतो. चकच्या आतला डाव्या आट्यांचा स्क्रू घट्ट आहे याची खात्री करूनच हा मार्ग धरा. झेनोआ जी-६२ सारखं मॅग्नेटोचं (फिरण्यातूनच ठिणगीची वीज बनवणारं) इंजिन असेल तर गिअरच्या कमी वेगाला ठिणगी कमजोर पडते, तिथे थेट स्टार्टरचा वेग कामी येतो.

सुरू करायची पद्धतही थोडी बदलली. इग्निशन बंद ठेवून प्रॉप आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचा. कुठेही तो आडमुठेपणा करून थांबला तर सिलिंडरमध्ये इंधन साचलंय, प्लग काढा. आता स्टार्टरमध्ये कनेक्टिंग रॉड वाकवण्याइतकी ताकद आहे, त्यामुळे ही पायरी पूर्वीपेक्षा जास्त गरजेची झालीय. उलट्या बसवलेल्या फोर-स्ट्रोकला तर हे कधीच चुकवू नका. नंतर प्रॉप उलटा फिरवून कॉम्प्रेशनला टेकवायचा. म्हणजे स्टार्टरला जवळजवळ पूर्ण फेरा धाव घ्यायला मिळतो आणि प्रॉपचा वेगच पहिलं कॉम्प्रेशन पार करायला मदत करतो. या एका युक्तीने तीन सेलवरही ५५ सीसी बऱ्याचदा निघतं.

बेंचवर थंड इंजिन चोक लावून एकदा फटकारलं, चोक उघडल्यावर पुढच्या दाबाला सुरू झालं आणि २५०० आरपीएमवर स्थिर राहिलं. पेट्रोल-ऑइल मिश्रण ३०:१. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून दिवस संपला की टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करतो, कार्ब्युरेटरमधला डायफ्रॅम (पातळ पडदा) टिकावा म्हणून.

लेथवाल्याकडून कप आला की तीन आणि चार सेलवर पुन्हा करंट मोजेन, या वेळी मोटर अडकवून नाही, प्रत्यक्ष सुरू होताना. कोणाकडे गिअर असलेला स्टार्टर आणि डीसी क्लॅम्प असेल तर तुमच्या इंजिनाचे सीसी, वायरचं माप आणि दोन्ही टोकांवरचे व्होल्ट कळवा. तुमचे आकडे माझ्या आकड्यांशेजारी मांडतो.