केळदची पवनचक्की: पावसाआधीची फेरी

पहाटे साडेपाचला स्वारगेटहून निघालो. पेट्रोल हायवेलाच भरलं, नसरापूरला चहा, मग वेल्हे, पासली आणि केळद. रस्त्याबद्दल एवढंच की पासलीच्या पुढे घाई नको.

केळदच्या वरच्या सोंडेवर आमचा वायफाय लिंकचा खांब आहे. भार फक्त 15 वॅट, म्हणजे दिवसाला 360 वॅट-तास. एरवी सोलर पुरतं. जुलैत मात्र धुकं आठवडाभर हलत नाही, आणि वारा नेमका तेव्हाच पिसाटतो. त्यासाठी 2 मीटर व्यासाची पवनचक्की. सेकंदाला 4 मीटर वाऱ्यात ती जेमतेम 30 वॅट देते, 8 मीटरला 240 च्या आसपास. वारा दुप्पट तर वीज आठपट, म्हणून जागेलाच सगळं महत्त्व.

तीच आम्ही पहिल्यांदा चुकवली. कड्याच्या काठावर टोपी उडते, म्हणून चक्कीचा खांब तिथेच रोवला. दरीतून चढणारा वारा काठावर भोवरे खातो. शेपूट सारखी हेलकावायची, पाती स्थिर फिरायचीच नाहीत. गावातले एक मामा तेव्हाच म्हणाले होते, "तितं गवताची गंजबी टिकत न्हाई." आता खांब मागच्या उघड्या टेकाडावर आहे. तुम्ही लावाल तेव्हा 100 मीटरच्या आतली झाडं-घरं बघा. पाती त्यांच्यापेक्षा 10 मीटर तरी वर हवीत.

या खेपेला दोन टर्नबकल (खांबाच्या तारा ताणायचे स्क्रू) सैल निघाले. ताणाच्या तारा हाताने हलवूनच बघा, नुसत्या नजरेला कळत नाही. पात्यांची पुढची कड पावसाच्या माऱ्याने खरवडली होती, तिथे नवी टेप लावली.

आणि मग मीच माती खाल्ली. टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासायला बॅटरीची वायर आधी सोडली, चक्की फिरत असताना! भार सुटला, व्होल्टेज चढलं, बॅटरीचं चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरमधून जळका वास. आधी वारा पडलेला बघून जनरेटरच्या तिन्ही तारा एकत्र शॉर्ट करायच्या, चक्की थांबली की मगच बॅटरी. सुटा कंट्रोलर पिशवीत होता म्हणून निभावलं.

खांब आडवा करायला चार माणसं लागतात, तीन नव्हे. पावसाळ्यात केळदजवळच्या मढे घाटाकडे बंदीचे आदेश निघतात, तेव्हा मेमध्येच उरका. लिंक सुरू झाल्याचा मेसेज आम्हाला वेल्ह्यात मिळाला. तोवर मोबाईलला रेंजच नव्हती.