चीक, मध आणि बाळाचे पोट

गेल्या महिन्यात माझ्या लेकीला मुलगी झाली, सिझेरियनने. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या सासूबाई पिशवीत सहाण, सोन्याची अंगठी आणि मधाची लहान बाटली घेऊन दवाखान्यात आल्या. मधात सोने उगाळून बाळाला चाटवायचे, ही आमच्या घरातील कित्येक पिढ्यांची रीत, आणि तिच्यामागे मायाच आहे. मी बावीस वर्षे महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले, तरी "आई, मध नको" एवढे म्हणायला मला त्या क्षणी फार धीर गोळा करावा लागला. खाटेशेजारी उभ्या उभ्या जे त्यांना नीट सांगता आले नाही, ते येथे सविस्तर लिहिते.

मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसांना त्या मधाने काही होत नाही, कारण आपल्या आतड्यात जिवाणूंची आधीच इतकी दाट वस्ती असते की त्या बीजाणूंना रुजायला जागा उरत नाही. नवजात बाळाच्या आतड्यात ही वस्ती अजून बसायची असते. तेथे बीजाणू रुजले, तर ते विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू लागतात. असे क्वचितच घडते, पण घडते, म्हणूनच एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये असे डॉक्टर सांगतात. जो मध आजीला बाधत नाही तो नातीला बाधू शकतो, आणि त्या दोघींमधला फरक आतड्यातील या रहिवाशांचा आहे.

नवजात बाळाची रोगप्रतिकारशक्ती दुबळी असते, असे आपण सरसकट म्हणतो. मला हे म्हणणे अपुरे वाटते. आईच्या रक्तातील आयजीजी प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंना ओळखून अडवणारी प्रथिने, वारेतून (प्लॅसेंटामधून) बाळाकडे जातात, त्यातील बहुतांश गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत, त्यामुळे पुऱ्या दिवसांचे बाळ बरीचशी शिदोरी घेऊनच येते. त्याच्या स्वतःच्या प्रतिकारपेशी मात्र संयमाने वागतात, आणि त्याला कारण आहे. जन्मानंतर काही दिवसांतच कोट्यवधी जिवाणू त्याच्या पोटात मुक्कामाला येणार असतात. शरीराने त्या प्रत्येकावर हल्ला चढवला, तर आतड्याला कायमची सूज येईल. नियामक टी-पेशी, म्हणजे प्रतिकारपेशींचाच एक प्रकार, हा आवर घालतात, आणि त्या सवलतीच्या काळात कोणाला सोबती मानायचे हे शरीर शिकते. जंतुविरहित पेटीत वाढवलेल्या उंदरांकडे पाहिले की या शिक्षणाचे मोल कळते: त्यांच्या आतड्याच्या भिंतीतील प्रतिकारपेशींचे पुंजके खुरटलेले राहतात आणि आयजीए हे प्रतिपिंड फारच कमी तयार होते.

दार असे उघडे असताना नको तो जंतू आत शिरला तर? ती राखण आईचे दूध करते. त्याच दुपारी एका परिचारिकेने माझ्या लेकीचा चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले दूध, हाताने पिळून चमच्यात घेतला. जेमतेम अर्धा चमचा, केशर कालवल्यासारखा पिवळा आणि बोटाला चिकटेल इतका दाट. तो पाहून लेक रडवेली झाली: "आई, एवढ्याशाने काय होणार?" नवजात बाळाचे पोट इवलेसे असते, त्याला एवढेच पुरते, आणि त्या अर्ध्या चमच्यात आयजीए ठासून भरलेले असते. शिवाय आईच्या दुधात ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करा असतात, शंभराहून अधिक प्रकारच्या. दुधातील घन घटकांत लॅक्टोज ही दुधातील मुख्य साखर आणि स्निग्धांश यांच्यानंतर त्यांचाच क्रमांक लागतो, आणि तरीही बाळाला त्या पचत नाहीत. या शर्करा बिफिडोबॅक्टेरिया नावाच्या जिवाणूंचे खाद्य आहेत. हे जिवाणू पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीमध्ये शोधले. बाळासोबत त्याच्या पोटातील पाहुण्यांनाही आई जेवू घालते, हे वर्गात शिकवताना दरवर्षी माझा आवाज थोडा कापायचा.

सिझेरियनने फरक पडतो का, हे लेकीने विचारलेच. पडतो. ब्रिटनमध्ये 596 बाळांच्या शीची तपासणी झाली आणि 2019 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिझेरियनच्या बाळांत आईच्या आतड्यातील बॅक्टेरॉइड्स कमी आणि रुग्णालयात आढळणारे एंटरोकॉकस, क्लेबसिएला यांसारखे जिवाणू जास्त होते. वर्षभरात मात्र हा फरक बराचसा मिटला. ज्या शस्त्रक्रियेने आई आणि बाळ सुखरूप राहिले, तिच्याबद्दल कोणत्याही ओल्या बाळंतिणीने अपराधी वाटून घेऊ नये. खंत वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21), देशात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या बाळांचे प्रमाण 41.8 टक्केच होते.

आपल्या देशातील सर्वांत बोलका पुरावा ओडिशाच्या खेड्यांतून आला. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 4,556 नवजात बाळांवर केलेला अभ्यास 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटारम जिवाणू आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा दिली. उरलेल्यांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले मिश्रण दिले. पहिल्या दोन महिन्यांत जंतुसंसर्ग किंवा मृत्यू ओढवलेल्या बाळांचे प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले, आणि श्वसनमार्गाचे संसर्गही घटले. पोटात घातलेल्या जिवाणूने छातीची राखण केली! ही बाळे किमान दोन किलो वजनाची होती आणि जिवाणूचा वाण वर्षानुवर्षे पारखून निवडलेला होता. त्यामुळे दुकानातील कोणतेही थेंब आणून, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळाला, डॉक्टरांना न विचारता देऊ नयेत.

पाचवीच्या दिवशी दुपटे बदलताना सासूबाई शेजारी होत्या. पहिली काळी चिकट शी संपून आता मोहरीच्या रंगाची, पातळ, किंचित आंबूस वासाची शी झाली होती. वास आंबट का, असे त्यांनी काळजीने विचारले. दुधातल्या शर्करा खाऊन जिवाणू आम्ल तयार करतात, त्याचा तो वास, आणि त्या आम्लात वाईट जंतूंना टिकणे कठीण जाते, असे मी सांगितले. त्या क्षणभर थांबल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे विरजण लागलं म्हणायचं." बावीस वर्षांत मला इतके नेमके सांगता आले नव्हते.